विजेवरील मोटार घेताना : एका तरुण कुटुंबापुढील दोन पर्याय

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी बहुधा मोटारीची असते. घर घेताना वकिलाचा, अभियंत्याचा, वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतला जातो. मोटारीची निवड मात्र पुष्कळदा जाहिरातीतील एखाद्या आकड्यावर किंवा शेजाऱ्याच्या अनुभवावर होते. मोटार विजेवर चालणारी असेल तर ही अडचण अधिकच वाढते. पेट्रोलच्या गाडीविषयी दोन-तीन पिढ्यांचा अनुभव गाठीशी असतो. ‘लिटरमागे किती पळते’ हा एक प्रश्न विचारला की पुष्कळसा उलगडा होतो. विजेच्या गाडीची मोजमापे नवी आहेत आणि ती नीट समजून घेतली नाहीत तर नको त्या गोष्टीसाठी अधिक पैसे मोजले जाण्याचा आणि हव्या त्या गोष्टीत काटकसर होण्याचा संभव असतो.

या गाड्यांचा प्रसार गेल्या काही वर्षांत झपाट्याने झाला. केंद्राने १ ऑगस्ट २०१९ पासून विजेवरील वाहनांवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. जानेवारी २०२० मध्ये टाटा मोटर्सची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली आणि मध्यमवर्गीयांच्या आवाक्याच्या जवळपास येणाऱ्या गाड्यांचे दालन खुले झाले. महाराष्ट्र शासनाने २०१८, २०२१ आणि २०२५ या वर्षी विद्युत वाहनांसंबंधीची धोरणे जाहीर केली. २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तीन मार्गांवर विजेवरील मोटारींना पथकरातून सूट देण्याची तरतूद करण्यात आली. या साऱ्यामुळे पहिलीच मोटार विजेवरची घ्यावी असा विचार करणारी तरुण कुटुंबे वाढत आहेत. अशा कुटुंबाने दोन गाड्यांमधून एक कशी निवडावी, याचा विचार येथे एका उदाहरणाच्या आधारे केला आहे.

उदाहरणातील कुटुंब

समजा, ठाणे येथील घोडबंदर रस्त्यावरील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत एक जोडपे राहते. दोघेही नोकरी करतात. मूल दीड वर्षाचे आहे. सकाळी मुलाला पाळणाघरात सोडून वाशीच्या कार्यालयात जावयाचे आणि सायंकाळी त्याच मार्गाने परतावयाचे, असा दररोजचा सुमारे ४५ किलोमीटरांचा प्रवास आहे. मुलाचे आजी-आजोबा साताऱ्यास असतात. सणवार, सुट्ट्या आणि दुखणीखुपणी धरून वर्षातून सहा वेळा तिकडे जाणे होते. हे अंतर एका बाजूने २५५ किलोमीटर धरू. गृहनिर्माण संस्थेत वाहनासाठी निश्चित जागा आहे. मोटार कर्जानेच घ्यावी लागणार आहे.

या कुटुंबापुढे दोन पर्याय आहेत. पहिला, सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आलेली टियागो ईव्ही. दुसरा, जानेवारी २०२४ मध्ये आलेली पंच ईव्ही. दोन्ही टाटा मोटर्सच्याच. टियागो ईव्ही आली त्या वेळी ती १९.२ आणि २४ युनिट क्षमतेच्या बॅटरीसह मिळत होती आणि तिची प्रारंभीची किंमत ८ लाख ४९ हजार रुपयांपासून सुरू होत होती. पंच ईव्ही २५ आणि ३५ युनिटांच्या बॅटरीसह आली. तिची किंमत १० लाख ९९ हजारांपासून सुरू झाली. किंमती आणि आवृत्त्या कारखानदार वेळोवेळी बदलत असतात. म्हणून पुढील हिशेबात या गाड्या बाजारात आल्या त्या वेळचे आकडे घेतले आहेत. आकडे बदलले तरी हिशेबाची रीत तीच राहते.

एक युनिट म्हणजे काय?

घरच्या वीजबिलात ज्याला ‘युनिट’ म्हणतात, तेच विजेच्या गाडीच्या बॅटरीचेही माप होय. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. २४ युनिटांची बॅटरी म्हणजे तेवढी वीज साठविणारी टाकी, असे समजण्यास हरकत नाही. पेट्रोलच्या गाडीत ‘लिटरमागे किती किलोमीटर’ हा जो प्रश्न, तोच येथे ‘युनिटमागे किती किलोमीटर’ असा विचारावा. बॅटरीची क्षमता आणि युनिटमागील अंतर हे दोन आकडे हाती असले की बाकीचा हिशेब घरच्या घरी करता येतो.

जाहिरातीत मात्र हे दोन आकडे मागे राहतात आणि एकच आकडा ठळक छापला जातो : ‘एका चार्जमध्ये इतके किलोमीटर’. टियागो ईव्हीच्या २४ युनिटांच्या बॅटरीसाठी तो ३१५ किलोमीटर होता; पंच ईव्हीच्या २५ युनिटांसाठी ३१५ आणि ३५ युनिटांसाठी ४२१ किलोमीटर. हे आकडे खोटे नसतात. ते ठरवून दिलेल्या चाचणीत, ठरावीक वेगाने आणि ठरावीक परिस्थितीत मिळालेले असतात. त्यांचा खरा उपयोग एका गाडीची दुसरीशी तुलना करण्यापुरता. प्रत्यक्ष रस्त्यावर वातानुकूलन यंत्र चालू असते, गाडीत चार माणसे आणि सामान असते, मध्ये चढ असतात आणि महामार्गावर वेग वाढलेला असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ६० किलोमीटरऐवजी १०० किलोमीटर वेग ठेवला की बॅटरी भराभर उतरू लागते. पेट्रोलच्या गाडीत शहरातील गर्दी महाग पडते. विजेच्या गाडीत महामार्ग महाग पडतो. पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्यांना ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी लागते.

यास्तव जाहिरातीतील पल्ल्याचा दोन-तृतीयांश भाग खरा मानून चालणे शहाणपणाचे ठरते. त्या हिशेबाने टियागोचा पल्ला सुमारे २१० आणि मोठ्या बॅटरीच्या पंचचा सुमारे २८० किलोमीटर होतो. यातूनही शेवटचा १५ टक्के साठा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा, हे ओघानेच आले.

रोजचा प्रवास

आता ठाण्याच्या कुटुंबाकडे वळू. शहरातील वापरात टियागो युनिटमागे ८ आणि पंच ७.५ किलोमीटर चालेल असे धरू. ४५ किलोमीटरांसाठी दोन्ही गाड्यांना दररोज सुमारे सहा युनिटे लागतात. घरातील पंधरा अँपिअरच्या प्लगमधून तासाला साधारण तीन युनिटे गाडीत भरता येतात. म्हणजे रात्री दोन-सव्वादोन तासांत दिवसभराचा खर्च भरून निघतो. रोज प्लग लावावयाचा नसेल तर दर तिसऱ्या रात्री लावला तरी भागते.

महिन्याचा एकूण प्रवास १,२०० किलोमीटर धरल्यास टियागोला १५० आणि पंचला १६० युनिटे लागतील. बॅटरी भरताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, म्हणून मीटरवर ती सुमारे १७० आणि १८० अशी दिसतील. युनिटचा दर १२ रुपये धरला तर दोहोंतील फरक महिन्याला सव्वाशे रुपयांच्या आतला आहे. पेट्रोलच्या गाडीला, लिटरमागे १६ किलोमीटर आणि लिटरचा भाव १०० रुपये धरल्यास, याच प्रवासाला साडेसात हजार रुपये लागले असते. विजेच्या गाडीला दोन-सव्वादोन हजार लागतात.

याचा अर्थ असा की, पेट्रोल सोडून विजेकडे वळण्यात बचत मोठी आहे. परंतु विजेच्या या दोन गाड्यांमध्ये कोणती घ्यावी, हे चालविण्याच्या खर्चावरून ठरत नाही. रोजच्या पल्ल्यावरूनही ते ठरत नाही, कारण वर्षातील बहुतेक सर्व दिवशी दोन्ही गाड्यांत गरजेच्या चौपटीहून अधिक वीज असते.

साताऱ्याचा प्रवास

खरी कसोटी लागते ती लांबच्या प्रवासात. ठाणे ते सातारा या मार्गावर प्रथम बोरघाट आहे. घाटाच्या पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंतचा चढ साधारण ५५० मीटरांचा आहे. माणसांसह दीड टन वजनाची गाडी ५५० मीटर वर उचलण्यास सुमारे सव्वादोन युनिटे लागतात, असे साधे भौतिकशास्त्र सांगते. यंत्रातील घट धरून ती अडीच समजावीत. परतीच्या वेळी घाट उतरताना हीच मोटर जनित्राप्रमाणे काम करून त्यातील काही वीज बॅटरीत परत भरते. म्हणून ठाण्याहून पुण्यास जाताना जितकी बॅटरी लागते, तितकी येताना लागत नाही.

महामार्गावर टियागो युनिटमागे ७ आणि पंच ६.५ किलोमीटर चालेल असे धरू. टियागो पूर्ण भरून निघाली तर ९० किलोमीटरांवरील लोणावळ्यापर्यंत, घाटासह, सुमारे साडेपंधरा युनिटे खर्च होतात. उरलेली साडेआठ युनिटे पुण्याच्या पुढे पुरणारी नाहीत. तेथे शीघ्र चार्जिंग केंद्रावर बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भरली तरी तेथून साताऱ्यापर्यंतच्या १६५ किलोमीटरांस ती अपुरी पडते. म्हणजे पुणे ओलांडल्यावर दुसरा थांबा आलाच. २५ युनिटांच्या पंचचीही गत हीच : तिलाही दोन थांबे लागतात. ३५ युनिटांची पंच मात्र थेट पुण्यापर्यंत जाते, तेथे सुमारे दहा युनिटे शिल्लक असतात आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या एका थांब्यावर सातारा गाठता येतो.

तेव्हा मोठ्या बॅटरीचा खरा लाभ किती? एका बाजूच्या प्रवासात एक थांबा कमी, म्हणजे साधारण अर्धा तास. वर्षातून सहा वेळा जाणे-येणे म्हणजे बारा प्रवास. परतीची उतरण विचारात न घेता, वर्षाकाठी सहा तास, केंद्रावर रांग लागली तर आठ. लहान मूल बरोबर असता दर दोन तासांनी थांबावेच लागते. त्याला खाऊ घालणे, कपडे बदलणे, पाय मोकळे करू देणे यांतच वीस-पंचवीस मिनिटे जातात आणि तेवढ्या वेळात गाडी चार्जिंगला लावलेली असते. त्यामुळे गैरसोय कागदावर दिसते त्याहून कमीच ठरते. मात्र घरात आजारी ज्येष्ठ माणूस असेल आणि अपरात्री निघण्याची वेळ वारंवार येत असेल, तर तोच अर्धा तास फार मोठा असतो. हे ज्याचे त्याने ठरवावे.

मुलाची सुरक्षितता

आतापर्यंतचा हिशेब बॅटरीचा झाला. परंतु बॅटरीभोवती गाडीचा सांगाडाही असतो आणि मूल त्या सांगाड्याच्या आत बसलेले असते. तरुण कुटुंबाच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा असून निवड करताना नेमका तोच मागे पडतो.

मोटारींच्या धडक चाचण्यांसाठी ‘भारत एनकॅप’ हा देशी कार्यक्रम ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाला आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून अमलात आला. या चाचणीत गाडी ठरावीक वेगाने अडथळ्यावर आदळवितात. प्रौढांच्या आणि मुलांच्या बाहुल्यांवर झालेल्या आघातांचे मोजमाप करून गुण आणि तारे दिले जातात. पंच ईव्हीला जून २०२४ मध्ये या चाचणीत पाच तारे मिळाले. प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी तिला ३२ पैकी ३१.४६ आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी ४९ पैकी ४५ गुण देण्यात आले. या गाडीत प्रारंभापासून सहा एअरबॅगा सर्व आवृत्त्यांत होत्या. टियागोच्या पेट्रोलवरील गाडीला जानेवारी २०२० मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’च्या चाचणीत प्रौढांसाठी चार आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले होते, विजेवरील टियागो दोन एअरबॅगांसह बाजारात आली. दोन्ही चाचण्यांचे निकष निराळे असल्यामुळे ताऱ्यांची सरळ वजाबाकी करणे योग्य नव्हे. तथापि, पंचची रचना नंतरच्या आणि अधिक कडक निकषांना उतरली आहे, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

गाडी कितीही मजबूत असली तरी मांडीवर घेतलेल्या मुलाला ती वाचवू शकत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकाएकी थांबली तर दहा किलो वजनाच्या मुलाला धरून ठेवण्यास आईच्या हातांत जे बळ लागेल, ते कोणत्याही माणसाच्या अंगी नसते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलास सुरक्षा पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. दंडाची भीती हे त्याचे खरे कारण नव्हे. लहान बाळाचे आसन मागील बाकावर, तोंड मागच्या दिशेस येईल असे बसवावे. दीड वर्षाच्या मुलासही, आसनाच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल तोवर, असेच बसविणे अधिक सुरक्षित असते. पुढील आसनासमोर चालू एअरबॅग असताना तेथे मागे तोंड केलेले बालआसन कधीही ठेवू नये. एअरबॅग उघडली तर तिचा तडाखा थेट बालआसनाच्या पाठीवर बसतो. आसन अडकविण्याच्या ‘आयसोफिक्स’ खुंट्या कोणत्या आवृत्तीत आहेत आणि कोणत्या जागी आहेत, हे विक्रेत्याकडून प्रत्यक्ष दाखवून घ्यावे.

जागेचा प्रश्न

टियागोची लांबी ३,७६९ मिलिमीटर आणि पंच ईव्हीची ३,८५७ मिलिमीटर आहे. फरक जेमतेम नऊ सेंटिमीटरांचा. रुंदीत तो साडेसहा सेंटिमीटरांचा आहे. सामानाच्या कप्प्यात मात्र तफावत मोठी आहे : टियागोत २४० लिटर, पंच ईव्हीत ३६६ लिटर. एकट्या माणसाला हा फरक जाणवणार नाही. पण घडीची बाबागाडी, दुपट्यांची पिशवी, दोन बॅगा आणि साताऱ्याहून परतताना आजीने बांधून दिलेले धान्य-लोणचे यांची जागा ज्यांना काढावयाची असते, त्यांना तो पहिल्याच फेरीत कळतो.

मागे तोंड केलेले बालआसन लांबीत पुष्कळ जागा घेते. ते बसविल्यावर त्याच्या पुढील आसन किती पुढे सरकवावे लागते आणि तेथे उंच माणूस नीट बसू शकतो का, हे कोणत्याही पत्रकात छापलेले नसते. यासाठी गाडी पाहावयास जाताना बालआसन आणि बाबागाडी बरोबर नेऊन दोन्ही बसवून पाहणे हाच खात्रीचा उपाय होय. मूल आसनात बसविताना आणि उचलून घेताना किती वाकावे लागते, हेही पाहून ठेवावे. दिवसातून चार वेळा हे काम करावे लागते. पंचची बैठक उंच असल्याने ते तिच्यात सोपे जाते, हे दोन्ही गाड्यांत एकदा करून पाहिले की कळून येते.

जमिनीपासूनची उंची पंच ईव्हीत १९० मिलिमीटर आहे, टियागोत ती कमी आहे. खड्डे आणि गतिरोधक यांच्या दृष्टीने हा लाभ आहे. पावसाळ्यातील पाण्याबद्दल अनेकांच्या मनात भीती असते. या दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या ‘आयपी ६७’ दर्जाच्या, म्हणजे धूळ आत जाऊ न देणाऱ्या आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणाऱ्या आहेत. तरीही तुंबलेल्या पाण्यात गाडी मुद्दाम घालू नये. हा नियम पेट्रोलच्या गाडीइतकाच येथेही लागू आहे.

चार्जिंगची व्यवस्था

वरील सर्व हिशेब एका गृहीतावर उभा आहे : रात्री घरी गाडी चार्ज करता येते. हे गृहीत नसेल तर निष्कर्षही बदलतो. म्हणून गाडी निवडण्यापूर्वी चार्जिंगची जागा निश्चित करावी. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार वाहनमालकास आपल्या घरच्या किंवा कार्यालयाच्या विद्यमान वीजजोडणीवरून वाहन चार्ज करता येते. गृहनिर्माण संस्थेत त्यासाठी रीतसर अर्ज करावा, मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंत योग्य जाडीची स्वतंत्र तार टाकून घ्यावी आणि मंजूर वीजभार पुरेसा आहे का, हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून तपासून घ्यावे. अर्थिंग, एमसीबी आणि गळती आढळताच वीज तोडणारे उपकरण यांत काटकसर करू नये. खिडकीतून सोडलेल्या जोडतारेवर तासन्‌तास गाडी चार्ज करणे धोक्याचे आहे.

महावितरणच्या घरगुती दरपत्रकात १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे असतात आणि वरच्या टप्प्यातील युनिटांना अधिक दर पडतो. ज्या घरात महिन्याला २०० युनिटे लागतात तेथे गाडीमुळे ती ३८० होतील आणि वरची ८० युनिटे तिसऱ्या टप्प्यात जातील. म्हणून गाडीच्या विजेचा हिशेब सरासरी दराने न करता आपल्या बिलातील वरच्या टप्प्यांच्या दराने करावा.

घरी चार्जिंगची सोय होणारच नसेल, तर आठवड्यातून एक-दोन वेळा सार्वजनिक केंद्रावर जावे लागते. तेथील दर घरच्यापेक्षा अधिक असतो आणि मूल घेऊन ताटकळणे वेगळेच. अशा कुटुंबाने एक तर मोठ्या बॅटरीची गाडी घ्यावी किंवा सोय होईपर्यंत थांबावे. लहान बॅटरीची गाडी त्यांच्यासाठी नव्हे.

कर्जाचा हिशेब

बाजारात आली त्या वेळच्या प्रारंभीच्या किंमतींनुसार २४ युनिटांची टियागो ९ लाख ९९ हजारांपासून, २५ युनिटांची पंच १० लाख ९९ हजारांपासून आणि ३५ युनिटांची पंच १२ लाख ९९ हजारांपासून मिळत होती. म्हणजे पहिल्या पायरीवर एक लाखाचा आणि दुसऱ्या पायरीवर आणखी दोन लाखांचा फरक होता. ही रक्कम कर्जाने उभी केली आणि व्याजाचा दर ९ टक्के व मुदत सात वर्षे धरली, तर एका लाखाला महिन्याला सुमारे १,६१० रुपये हप्ता पडतो आणि एकूण परतफेड १ लाख ३५ हजारांची होते. दोन लाखांना हप्ता ३,२२० रुपये आणि परतफेड २ लाख ७० हजार रुपये. सात वर्षांच्या या मुदतीतच मुलाचे शाळेचे दिवस सुरू होतात, हे विसरून चालणार नाही.

बॅटरी लवकर निकामी होईल या भीतीपोटी मोठी बॅटरी घेण्याचे कारण नाही. दोन्ही गाड्यांच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंतची हमी देण्यात आली होती. उदाहरणातील कुटुंबाचा वार्षिक प्रवास, साताऱ्याच्या फेऱ्या धरून, १७–१८ हजार किलोमीटरांचा आहे; आठ वर्षांतही तो या मर्यादेच्या आतच राहतो. शासकीय सवलतींबाबतही एक सावधगिरी हवी. सवलतींना मुदत आणि संख्येची मर्यादा असते. गाडी नोंदविण्याच्या दिवशी जी सवलत लेखी स्वरूपात मिळत असेल तेवढीच हिशेबात धरावी.

निवड

या सर्व विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. दोन गाड्यांमधील निवड ही वरवर एक दिसली तरी वस्तुतः त्या दोन निवडी आहेत : एक सांगाड्याची आणि दुसरी बॅटरीची. सांगाड्याची मजबुती, एअरबॅगा, बालआसनाची जागा आणि सामानाचा कप्पा यांचा उपयोग वर्षातील प्रत्येक दिवशी होतो. बॅटरीतील शेवटच्या दहा युनिटांचा उपयोग वर्षातून बारा दिवस होतो. जाहिरातीतील मोठा आकडा मात्र या बारा दिवसांकडेच सारे लक्ष वेधतो.

म्हणून ठाण्याच्या या कुटुंबाने, घरी चार्जिंगची सोय असल्यास, पहिला अधिकचा लाख सांगाड्यावर खर्च करावा, म्हणजे पंच ईव्ही निवडावी. आणि पुढचे दोन लाख बॅटरीवर खर्च करण्यापूर्वी थांबून विचार करावा. साताऱ्याच्या बारा प्रवासांतील एक-एक थांबा वाचविण्यासाठी सात वर्षे दरमहा सव्वातीन हजार रुपये देणे त्यांना परवडते का आणि आवश्यक वाटते का, हा तो विचार. बहुतेकांच्या बाबतीत लहान बॅटरीची पंच पुरेशी ठरेल. ज्यांना दर आठवड्यास लांब जावे लागते किंवा ज्यांच्या घरी ज्येष्ठांच्या आजारपणाची टांगती तलवार आहे, त्यांच्या बाबतीत मोठी बॅटरी ही चैन नसून गरज होय. आणि ज्यांना तो पहिला लाखही जड जात असेल, त्यांनी टियागो घेण्यात कमीपणा नाही; दुचाकीवर मुलाला मध्ये बसवून पावसात जाण्यापेक्षा ती कितीतरी सुरक्षित आहे. मात्र त्यांनी चांगल्या बालआसनाचे पैसे आधी बाजूला काढावेत.

खरेदीपूर्वी पुढील गोष्टी अवश्य कराव्यात :

१. पंधरा दिवस एका वहीत रोजचे किलोमीटर लिहून ठेवावेत. अंदाज आणि वस्तुस्थिती यांत पुष्कळ अंतर असते.

२. वर्षातील लांबचे प्रवास मोजावेत आणि त्या मार्गावरील चार्जिंग केंद्रे स्वतः पाहून यावीत.

३. गृहनिर्माण संस्थेची परवानगी आणि वीजजोडणीचा खर्च लेखी घ्यावा. मगच गाडीची नोंदणी करावी.

४. बालआसन आणि बाबागाडी नेऊन दोन्ही गाड्यांत बसवून पाहावी.

५. ज्या आवृत्तीचे पैसे भरावयाचे, त्याच आवृत्तीतील एअरबॅगा, आयसोफिक्स आणि हमीच्या अटी पाहाव्यात. वरच्या आवृत्तीच्या पत्रकावर विसंबू नये.

६. विम्याचे दरपत्रक दोन-तीन ठिकाणांहून मागवावे. जून २०२२ पासून अमलात आलेल्या तृतीय पक्ष विम्याच्या दरांत विजेवरील वाहनांसाठी १५ टक्के सवलत ठेवण्यात आली होती. ती सध्याच्या दरांत धरली आहे की नाही, हे विचारून घ्यावे.

विजेवरील मोटार नवी असली तरी ती निवडण्यासाठी लागणारा विवेक जुनाच आहे. रोज काय लागते आणि क्वचित काय लागते, हे ज्या घरात वेगवेगळे मांडले जाते, त्या घराचा हिशेब सहसा चुकत नाही. मोटारीच्या बाबतीत त्या हिशेबाच्या पहिल्या ओळीत मागील बाकावरील दीड वर्षाच्या प्रवाशाचे नाव असावे. पल्ल्याचा आकडा त्यानंतर.